केळीच्या खोडाचा धागा: यंत्र घेण्याआधी वजनाचं गणित

ताईंनो, केळीच्या खोडातून धागा काढायचं यंत्र घ्यायला गटाने कर्ज काढावं का, असं बऱ्याच जणी विचारतायत. मग आधी त्या धाग्याचं काम समजून घेऊ.

प्लॅस्टरच्या गणपतीला आतून काथ्या लावतात, ते तुम्ही पाहिलं असेल. आमच्या सिल्व्हर पार्कातल्या फ्लॅटांत पीओपीचं सिलिंग करतात, त्यातही काथ्याच. नुसतं प्लॅस्टर ठिसूळ, ताण आला की तडकतं. काथ्या तो ताण स्वतःवर घेतो. प्लॅस्टरच्या जागी रेझिन घेतलं आणि काथ्याच्या जागी दुसरा धागा, तरी तत्त्व तेच. यालाच कंपोझिट म्हणतात. काचेचा धागा घातला की फायबरग्लास होतं. झाडाचा धागा काचेपेक्षा हलका. केळीच्या कुळातल्या अबाकाचा धागा तर मर्सिडीज गाडीच्या स्टेपनीच्या झाकणात वापरला गेलाय!

कच्च्या मालाची चिंता नाही. एका खोडाला एकदाच घड लागतो, मग ते तोडावंच लागतं. जळगावकडे रावेर-यावलच्या बागांत अशी खोडं ढिगाने पडतात, आणि इथे खाडीपलीकडे वसईच्या वाड्यांतही.

खरी मेख वजनात आहे. खोडात दहातले नऊ भाग पाणी. शंभर किलो खोडातून वाळलेला धागा निघतो साधारण एक किलो. म्हणजे टेम्पोचं भाडं शंभर किलोचं आणि विक्री एका किलोची! म्हणून खोड यंत्राकडे आणायचं नाही, यंत्र बागेत न्यायचं. उरलेला चोथा तिथेच गांडूळखताला जातो.

दुसरं, धागा त्याच दिवशी धुऊन वाळवायचा. गर चिकटून राहिला तर तो काळा पडतो. ओलसर धाग्याला रेझिन नीट चिकटत नाही, वस्तू आतून पोकळ राहते. पकड वाढवायला कारखान्यात कॉस्टिक सोडा वापरतात, तो उद्योग आपण घरी अजिबात करायचा नाही.

दोरी-पिशव्या करणाऱ्याला थोडं कमी-जास्त चालतं. कंपोझिटवाल्याला मात्र दर खेपेला सारखाच, कोरडा माल लागतो. किती, केव्हा, काय भावाने घेणार, हे त्याच्याकडून लेखी येईपर्यंत कर्जाच्या अर्जावर सही नको.

पुढच्या बैठकीआधी हे करा: पाच किलो खोड मोजून घ्या, थर सोडवा, बोथट सुरीने गर खरवडा, धुऊन वाळवा. हाती आलेला धागा वजन करून घेऊन या.