मापांची बेरीज आणि सार्थ अंक

हिशेबांत बेरीज चुकणारा शेतकरी आतां विरळा. परंतु बेरीज बिनचूक असूनही तिचा अर्थ चुकीचा लावला जातो, आणि त्यापायीं कधीं पैसा, तर कधीं विश्वासू माणूस गमवावा लागतो. म्हणून रसायनशास्त्राच्या आरंभींच्या धड्यांत येणारा एक साधा नियम आम्ही येथें वाचकांपुढें मांडीत आहों.

प्रथम एक उदाहरण घेऊं. एका बागाइतदारानें द्राक्षबागेसाठीं मिश्रखत तयार केलें. शेणखताची ट्रॉली भुईकाट्यावर भरलेली ३,१५० किलो व रिकामी १,९१० किलो आली. म्हणजे शेणखत १,२४० किलो. निंबोळी पेंड ताणकाट्यावर ९८.६ किलो, आणि झिंक सल्फेट बारीक काट्यावर ४.७८ किलो. एकूण बेरीज १,३४३.३८ किलो. दुसऱ्या दिवशीं तेंच मिश्रण तीस पोत्यांत भरून एकेक पोतें ताणकाट्यावर तोललें, तेव्हां पोत्यांचें वजन वजा जातां १,३३६.० किलो भरलें. सात किलोंहून अधिक तूट! संशय सहजच रात्रीं राखणीस असलेल्या गड्यावर गेला.

येथें गणित बरोबर होतें. पण काटा किती सांगूं शकतो, हें कोणीं पाहिलें नाहीं. त्या भुईकाट्याचें लघुतम माप १० किलो. तो ३,१५० दाखवितो तेव्हां खरें वजन ३,१४५ पासून ३,१५५ पर्यंत कोठेंही असूं शकतें. रिकाम्या ट्रॉलीचेंही तसेंच. दोन्ही चुका परस्परविरुद्ध बाजूंस पडल्यास वजाबाकींत १० किलोंचा फरक पडतो. तेव्हां शेणखत १,२३० ते १,२५० किलो, आणि सर्व मिश्रण सुमारें १,३३३ ते १,३५३ किलो. १,३३६ हा आंकडा या मर्यादेंतच बसतो. शिवाय रात्रभरांत शेणखतांतील थोडी ओल उडून जाते, ती निराळीच. चोरी झाली किंवा झाली नाहीं, यांपैकीं कांहींच हा काटा सांगत नाहीं. त्याविषयीं तो मुका आहे.

यावरून नियम असा कीं, मोजलेल्या मापांची बेरीज अथवा वजाबाकी करतांना उत्तर सर्वांत ढोबळ मापाच्या स्थानापर्यंतच लिहावें. वरील बेरजेंत ढोबळ माप दशकाचें. म्हणून उत्तर १,३४० किलो. त्यांतील शेवटचें शून्य केवळ जागा राखण्यापुरतें आहे.

हा नियम वापरतांना तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

पहिली, बेरजेंत सार्थ अंकांची संख्या मोजूं नये, त्यांचें स्थान पाहावें. संख्या मोजण्याची रीत गुणाकार-भागाकाराची आहे. ९८.६ आणि ४.७८ या दोहोंत तीन तीन सार्थ अंक आहेत. त्यांची बेरीज १०३.३८, ती पहिल्या दशांश स्थळापर्यंत १०३.४ अशी लिहावी. हींत चार सार्थ अंक आले, आणि ते योग्यच आहेत.

दुसरी, आंकडे अगोदर ढोबळ करूं नयेत. सर्व मिळवून झाल्यावर शेवटीं एकदांच करावे. प्रत्येकीं ४.२ किलोंचीं पांच खतें ढिगांत मिळवावयाचीं असतां प्रत्येक आंकडा आधींच दहाच्या पटींत आणला, तर तो शून्य होतो, आणि २१ किलो माल कागदावरून नाहींसा होतो.

तिसरी, हा नियम म्हणजे किमान सावधगिरी होय. १०० ग्रॅम लघुतम मापाच्या काट्यावर प्रत्येक पोत्यामागें ५० ग्रॅमची चूक संभवते. तीस पोत्यांत ती दीड किलोपर्यंत जाऊं शकते.

वजाबाकींत तर अधिक जपावें लागतें. जमिनीची ओल काढण्यासाठीं ५२.४ ग्रॅम ओली माती १०५ अंश सेल्सिअसवर वजन स्थिर होईपर्यंत वाळविली व ती ४५.१ ग्रॅम भरली, तर पाणी ७.३ ग्रॅम, म्हणजे कोरड्या मातीच्या १६ टक्के. हेंच काम पूर्ण ग्रॅमच दाखविणाऱ्या काट्यावर केल्यास ५२ वजा ४५, म्हणजे ७ ग्रॅम येतात. परंतु खरें पाणी ६ पासून ८ ग्रॅमपर्यंत, म्हणजे सुमारें १३ ते १८ टक्के, असूं शकतें. पाणी आज द्यावें कीं चार दिवसांनीं, हा निर्णय अशा आंकड्यावर सोंपवितां येणार नाहीं.

मात्र ढिगाच्या बेरजेंत झिंकचे ग्रॅम बुडाले म्हणून झिंक ढोबळ मोजावें, असें कोणीं समजूं नये. त्याची मात्रा पिकास स्वतंत्रपणें लागू पडते. ती बारीक काट्यावरच घ्यावी.

आमची वाचकांस सूचना इतकीच कीं, वहींत प्रत्येक वजनाशेजारीं त्या काट्याचें लघुतम माप लिहून ठेवावें. तूट दिसली तर प्रथम तीं मापें पाहावींत, मग माल पुन्हां तोलावा, आणि त्यानंतरच माणसाकडे पाहावें.