स्टिअरिंगचा वाकडेपणा आणि चाकांची जुळणी

ग्रामीण भागातील प्रशासनाचा फार मोठा भार आज मोटार वाहनांवर आहे. पंचायत समितीचे वाहन, प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका, टंचाईच्या दिवसांत पाणी पोहोचविणारा टँकर आणि विद्यार्थ्यांची ने-आण करणारी बस ही सर्व वाहने खडीच्या, खड्ड्यांच्या आणि घाटाच्या रस्त्यांवरून वर्षाचे बारा महिने धावत असतात. त्यांच्या इंधनाचा हिशेब लॉगबुकात रोज लिहिला जातो. परंतु वाहनाची चारही चाके एकमेकांशी आणि रस्त्याशी योग्य कोनात उभी आहेत किंवा नाहीत, याचा विचार बहुधा टायर झिजून गेल्यावरच होतो. त्या वेळी नवीन टायरांची मागणी नोंदविली जाते, देयक मंजूर होते आणि मूळ दोष तसाच राहिल्यामुळे नवे टायरही त्याच वाटेने जातात.

हा दोष वाढण्यापूर्वी वाहन स्वतःच त्याची सूचना देत असते. सपाट व सरळ रस्त्यावर वाहन सरळ जात असताना स्टिअरिंगचे चाक एका बाजूस कललेले दिसते, ही त्यांपैकी सर्वांत सहज दिसणारी सूचना होय. चालकाच्या हाताला काही दिवसांत त्याची सवय होते आणि मागे बसणाऱ्यास ते दिसत नाही. म्हणून या वाकडेपणाचा अर्थ चालकाप्रमाणेच वाहन वापरणाऱ्या अधिकाऱ्यानेही समजून घेणे अगत्याचे आहे.

चाकांचे तीन कोन

बैलगाडीचा आस ताठ असतो. वळताना बैल सारी गाडीच वळवितात. जुन्या चारचाकी घोडागाड्यांत पुढचा संपूर्ण आस मधल्या खिळीभोवती फिरत असे. पुढील प्रत्येक चाक स्वतंत्र खिळीवर फिरविण्याची आणि वळणाच्या आतील चाक बाहेरच्यापेक्षा अधिक वळविण्याची रचना म्युनिकचे गाडी-कारागीर गेओर्ग लांकेन्सपेर्गर यांनी शोधली. रुडॉल्फ आकरमान यांनी १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये तिचे पेटंट घेतले. आजच्या मोटारीतही हेच तत्त्व वापरले जाते. मात्र दोन चाके स्वतंत्रपणे फिरू लागली की त्यांना एकमेकांशी जुळवून ठेवणारे दांडे लागतात. त्यांना टाय रॉड म्हणतात. हे दांडे वाकले, झिजले किंवा त्यांची लांबी चुकली की चाकांची जुळणी बिघडते.

ही जुळणी तीन कोनांनी मोजली जाते. वाहनाकडे समोरून पाहिले असता चाक वरच्या बाजूस आत किंवा बाहेर जितके कललेले दिसते, त्या कोनास कॅम्बर म्हणतात. चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष बाजूने पाहता मागे कललेला असतो. त्या कलास कॅस्टर म्हणतात. सायकलचा चिमटा मागे कललेला असल्यामुळे चालत्या सायकलचे पुढचे चाक आपोआप सरळ होऊ पाहते, तोच गुण कॅस्टरमुळे मोटारीस मिळतो. वरून पाहिले असता दोन्ही चाकांच्या पुढील कडा मागील कडांपेक्षा जवळ किंवा दूर असतात. या तिरपेपणास टो म्हणतात. टायरांची झीज आणि स्टिअरिंगचा वाकडेपणा यांचा सर्वांत निकटचा संबंध या तिसऱ्या कोनाशी आहे.

अर्ध्या अंशाचा हिशेब

समजा, खड्ड्यात आपटून डाव्या बाजूचा टाय रॉड वाकला आणि डावे चाक एक अंशाने तिरपे झाले. वाहन धावू लागले की रस्त्याच्या घर्षणामुळे पुढील दोन्ही चाके हा तिरपेपणा निम्मा निम्मा वाटून घेतात. प्रत्येक चाक आपल्या मार्गाशी अर्धा अंश तिरपे राहते आणि वाहन सरळ जाते. परंतु चाके अर्धा अंश हलली, म्हणजे स्टिअरिंगही हलणारच. स्टिअरिंग व चाक यांच्या फिरण्याचे प्रमाण १६ ला १ असेल, तर स्टिअरिंग ८ अंशांनी कललेले दिसेल. चाकाजवळ डोळ्यांना न दिसणारा दोष चालकाच्या हातात असा सोळापट होऊन येतो.

अर्धा अंश म्हणजे किती? १५ इंची, म्हणजे ३८१ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर तो फरक सुमारे सव्वातीन मिलिमीटर भरतो. परंतु अर्धा अंश तिरपे असलेले चाक दर किलोमीटरला आपल्या दिशेपासून सुमारे पावणेनऊ मीटर बाजूस ओढले जाते. ५,००० किलोमीटरांच्या प्रवासात ही ओढ ४३ किलोमीटरांहून अधिक होते. ती सारी टायरच्या रबराला सोसावी लागते. दोष एका बाजूच्या दांड्यात असला तरी झीज दोन्ही टायरांवर का दिसते, याचे उत्तरही यातच आहे. भूमितीच्या तासाला कोनाचे महत्त्व पटवून देण्यास शिक्षकांना याहून जवळचे उदाहरण क्वचितच मिळेल.

तीन वेगवेगळी लक्षणे

स्टिअरिंग वाकडे असणे, वाहन एका बाजूस ओढले जाणे आणि स्टिअरिंग थरथरणे ही तीन लक्षणे पुष्कळदा एकच समजली जातात. त्यांची कारणे मात्र भिन्न आहेत.

वाहन सरळ जाते पण स्टिअरिंग कललेले राहते, तेव्हा टाय रॉडची लांबी, वाकलेला दांडा किंवा मागील चाकांची दिशा यांपैकी एक कारण संभवते. मागील चाके तिरपी असतील तर ती वाहनाचा मागचा भाग एका बाजूस ढकलतात आणि चालकास पुढील चाके थोडी वळवूनच वाहन सरळ ठेवावे लागते. ट्रक, टँकर आणि बस यांच्या कमानपाट्यांचा मधला बोल्ट तुटून मागील आस सरकल्यासही हेच घडते. असे वाहन मागून पाहिल्यास तिरके चालताना दिसते.

चालकाने पकड सैल करताच वाहन एका बाजूस जाऊ लागते, तेव्हा दोन्ही बाजूंच्या टायरांतील हवेचा फरक, टायरमधील दोष, चिकटून राहणारा ब्रेक, अथवा दोन्ही बाजूंच्या कॅम्बर किंवा कॅस्टरमधील तफावत हे कारण असू शकते. केवळ ब्रेक दाबल्यावर वाहन ओढले जात असेल, तर प्रथम ब्रेकची तपासणी झाली पाहिजे. आणि ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल, तर तो बहुधा चाकांच्या संतुलनाचा, म्हणजे बॅलन्सिंगचा प्रश्न असतो. अलाइनमेंट करून तो सुटत नाही.

येथे रस्त्याचाही विचार करावा लागतो. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्यभागी उंच ठेवून दोन्ही कडांकडे साधारण २ ते ३ टक्के उतार दिलेला असतो. आपली वाहतूक डाव्या बाजूने चालत असल्यामुळे निर्दोष वाहनही डावीकडे किंचित झुकते. हा दोष मानून वाहन दुरुस्तीस पाठविण्याचे कारण नाही.

तपासणीचा क्रम

तपासणीचा आरंभ हवेपासून करावा. टायर थंड असताना चारही चाकांतील हवा वाहनाच्या तक्त्यावर दिलेल्या प्रमाणात भरावी. पुष्कळ वेळा वाहनाचे एका बाजूस ओढणे एवढ्यानेच थांबते.

त्यानंतर टायर पाहावेत. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहत आली आहे. केवळ मधला भाग झिजला असेल तर ती जास्त भरली जात आहे. एकच कड झिजली असेल तर कॅम्बरचा किंवा टोचा संशय घ्यावा. टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरविताना एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे धारदार लागले, तर टो चुकला आहे असे समजावे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार दुचाकी व तीनचाकी वगळता इतर वाहनांच्या टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. एका कडेने झिजलेला टायर मध्यभागी चांगला दिसला तरी तो ही मर्यादा कडेला आधीच ओलांडून गेलेला असू शकतो.

तिसरी पायरी रस्त्यावरील चाचणीची. वाहतूक नसलेल्या, सरळ व सपाट जागी वाहन ताशी ४० किलोमीटरच्या सुमारास चालवून स्टिअरिंगची स्थिती पाहावी. पकड सैल करावी, पण हात कधीही काढू नयेत. वाहन ओढले जात असेल तर पुढील दोन टायरांची अदलाबदल करून पुन्हा पाहावे. ओढ विरुद्ध बाजूस गेली तर दोष टायरमध्ये आहे. एकाच दिशेने फिरण्यासाठी बनविलेल्या टायरांना मात्र ही अदलाबदल लागू नाही. मागील चाकांची दिशा पाहण्यासाठी वाहन उथळ पाण्यातून सरळ पुढे कोरड्या रस्त्यावर न्यावे. मागील चाकांचे ओले ठसे पुढील ठशांच्या मानाने एका बाजूस अधिक सरकलेले दिसले, तर मागील आस तपासून घ्यावा.

चौथी पायरी झिजलेल्या भागांची. वाहन भक्कम आधारावर उचलून चाक घड्याळातील १२ आणि ६ या जागी धरून हलवावे. खेळ जाणवल्यास बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा किंग पिन यांची झीज संभवते. ३ आणि ९ या जागी धरल्यावर खेळ लागल्यास टाय रॉडचे टोक पाहावे. उपरोक्त नियमांत स्टिअरिंगच्या मोकळ्या फिरण्याची मर्यादा ३० अंश ठरविली असून सांध्यांवर रबरी टोप्या असणेही आवश्यक मानले आहे. फाटलेल्या टोपीतून धूळ व पाणी आत जाते आणि दहा-वीस रुपयांच्या मोलाच्या दुर्लक्षातून सारा सांधा बदलण्याची वेळ येते.

ही सर्व कामे अलाइनमेंटपूर्वी झाली पाहिजेत. सैल सांध्यांवर साधलेली जुळणी पहिल्याच खड्ड्यात बिघडते आणि तिच्यावरचा खर्च वाया जातो.

कार्यशाळेत काय व्हावे

जुळणीचा योग्य क्रम मागून पुढे असा आहे. मागील चाकांचे कोन समायोजित करता येत असतील तर ते आधी, नंतर पुढील कॅस्टर व कॅम्बर आणि सर्वांत शेवटी टो. टो साधण्यापूर्वी स्टिअरिंग मध्यावर आणून साधनाने पक्के अडकवावे लागते. हे न केल्यास दोन्ही चाकांमधील एकूण टो बरोबर असूनही स्टिअरिंग वाकडेच राहते. कार्यशाळेतून नुकत्याच परतलेल्या वाहनाचे स्टिअरिंग वाकडे दिसण्याचे हे नेहमीचे कारण आहे. यात टायरची झीज होत नाही. तथापि काम अपुरे झाले आहे, हे निश्चित. दोन्ही बाजूंचे टाय रॉड एक जितका लांब तितका दुसरा आखूड असे फिरवून ते दुरुस्त होते. पुढे एकसंध आस असलेल्या ट्रक व बसमध्ये टो टाय रॉडने साधतात, तर स्टिअरिंगचा मध्य ड्रॅग लिंकने जुळवावा लागतो.

काही ठिकाणी मात्र स्टिअरिंगचे चाकच दांड्यावरून काढून सरळ दिसेल असे बसविले जाते. हा उपाय नव्हे. हे लक्षण झाकणे होय. स्टिअरिंग पेटीतील दाते मध्यावर सर्वांत घट्ट बसतात. चाक काढून बसविल्याने ते सरळ दिसते, पण पेटी मध्यापासून ढळलेलीच राहते, आणि वाकलेला दांडा तर तसाच असतो. शिवाय १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासमोर एअरबॅग अनिवार्य झाली आहे. ती बसविलेल्या स्टिअरिंगला अनभिज्ञ हात लावणे धोक्याचे आहे. स्थिरता-नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असलेल्या वाहनांत स्टिअरिंगचा कोन मोजणारा संवेदकही असतो. जुळणीनंतर त्याचा शून्यबिंदू तपासून घ्यावा लागतो.

कार्यालयाची भूमिका

यंत्रावरील काम तंत्रज्ञ करील. परंतु काम झाले किंवा नाही हे पाहणे कार्यालयाच्या हाती आहे. देयकावर स्वाक्षरी करण्यापूर्वी तीन गोष्टी विचारणे पुरेसे ठरेल. जुळणीपूर्वीचे आणि जुळणीनंतरचे आकडे दर्शविणारा छापील कागद जोडला आहे काय? सैल सांधे आधी तपासले होते काय? काम झाल्यावर वाहन सरळ रस्त्यावर चालवून स्टिअरिंग मध्यावर असल्याची खात्री कोणी केली? जोराचा आघात झाल्यावर, टाय रॉड वा बॉल जॉइंट बदलल्यावर, टायरची झीज असमान दिसल्यावर आणि एरवीही साधारणतः ५,००० ते १०,००० किलोमीटरनंतर ही तपासणी व्हावी.

लॉगबुकात इंधनाबरोबरच स्टिअरिंगची स्थिती, टायरमधील हवा आणि जुळणीची तारीख यांसाठी एक ओळ राखून ठेवल्यास चालक बदलला तरी माहिती हरवणार नाही. चालकाने ‘स्टिअरिंग डावीकडे राहते’ अशी तक्रार केली, तर तिला कुरकुर न मानता नोंद मानले पाहिजे. रात्रभर वाहनाची ओढ सावरीत घाट उतरणाऱ्या रुग्णवाहिकेच्या चालकाचे हात थकतात. पावसात ओल्या वळणावर एका कडेने गुळगुळीत झालेला टायर दगा देतो, तेव्हा किंमत केवळ टायरची राहत नाही. आत प्रसूतीसाठी निघालेली माता असते, शाळेतून परतणारी मुले असतात. त्यांच्या सुरक्षिततेचा आरंभ कललेल्या स्टिअरिंगची दखल वेळीच घेण्यापासून होतो, आणि तेवढ्यासाठी कोणत्याही मोठ्या तरतुदीची वाट पाहावी लागत नाही.