पुसलेली सीमा आणि गावांचा कारभार : कावेरीच्या मुखाशी कारैकाल

दोन राजवटींमधील सीमा एका दिवसात पुसता येते. जकात नाके उठतात, पहारे हटतात आणि लोक मोकळेपणाने ये-जा करू लागतात. परंतु त्या सीमेच्या दोन्ही बाजूंना रुजलेले कायदे, कररचना आणि स्थानिक कारभाराच्या संस्था इतक्या सहज एकरूप होत नाहीत. भारतात या प्रश्नाचा अभ्यास करण्यास कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील कारैकाल हे उत्तम उदाहरण आहे. स्थानिक स्वराज्य, केंद्रशासित प्रदेशांची रचना आणि आंतरराज्य पाणीवाटप हे स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासक्रमातील तिन्ही विषय येथे एकत्र आलेले आढळतात.

भौगोलिक स्थान आणि सीमेची घडण

कारैकाल हा पुदुच्चेरी केंद्रशासित प्रदेशाचा जिल्हा असला, तरी तो पुदुच्चेरी शहरापासून सुमारे १३० किलोमीटर दक्षिणेस आहे. त्याच्या पूर्वेस बंगालचा उपसागर आणि उर्वरित तिन्ही बाजूंस तमिळनाडू राज्य आहे. क्षेत्रफळ अवघे १६० चौरस किलोमीटरच्या आसपास असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या दोन लाखांहून किंचित अधिक होती. भोवतालचा मुलूख १९९१ पर्यंत तंजावर जिल्ह्यातच मोडत असे. त्या वर्षी नागपट्टिनम जिल्हा वेगळा झाला आणि २०२० मध्ये त्यातून मयिलाडुतुरै जिल्हा निर्माण करण्यात आला.

ही सीमा कोणत्याही नैसर्गिक कारणाने पडलेली नाही. भाषा, पीक, जमिनीचा पोत आणि देवस्थानांची परंपरा दोन्हीकडे एकच आहे. सीमेचे मूळ तंजावरच्या मराठा राज्याच्या इतिहासात सापडते. एकोजी तथा व्यंकोजी राजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थापन केलेल्या या राज्यात १७३८ च्या सुमारास वारसाहक्काचा संघर्ष पेटला होता. मदतीच्या बदल्यात कारैकाल देण्याचे वचन फ्रेंचांना मिळाले आणि १७३९ मध्ये त्यांनी तेथे ताबा घेतला. पुढे प्रतापसिंह राजाच्या कारकिर्दीत सभोवतालची आणखी गावे फ्रेंचांकडे गेली. इंग्रज-फ्रेंच युद्धांत हा प्रदेश काही काळ इंग्रजांच्या हाती होता; १८१४ च्या पॅरिस तहानुसार तो १८१७ मध्ये फ्रेंचांना परत मिळाला. दरम्यान १७९९ मध्ये तंजावरचा राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला होता. परिणामी, एकेकाळी एकाच राज्यात नांदणाऱ्या गावांमधून दोन युरोपीय सत्तांची सीमारेषा गेली.

कम्यून : फ्रेंच काळातील ग्रामीण नगरपालिका

फ्रान्समध्ये स्थानिक कारभाराचा पायाभूत घटक म्हणजे कम्यून. गाव लहान असो वा शहर मोठे, प्रत्येक कम्यूनला निवडलेले मंडळ आणि महापौर असतो. १२ मार्च १८८० च्या फर्मानाने ही पद्धत भारतातील फ्रेंच वसाहतींमध्ये आली. आरंभी एकूण १० कम्यून होत्या, त्यांपैकी ३ कारैकाल विभागात होत्या. १९०७ मध्ये ही संख्या १७ झाली आणि कारैकालच्या वाट्याला ६ कम्यून आल्या.

या संस्थांचे आदर्श चित्र रंगविण्याचे कारण नाही. निवडणुकांमध्ये दंडेली व गैरप्रकार होत असत आणि खरी सत्ता गव्हर्नरच्या हाती असे. तथापि, शेतीवर जगणाऱ्या गावांच्या समूहाला निवडलेले मंडळ, स्वतःचा अर्थसंकल्प आणि जन्म-मृत्यूच्या नोंदीचे कार्यालय असावे ही कल्पना येथे एकोणिसाव्या शतकातच रुजली. तिरुनळ्ळार, नेडुंगाडु, कोट्टुच्चेरी, नेरवी आणि तिरुमलैरायनपट्टिनम ही कारैकाल जिल्ह्यातील कम्यून पंचायतींची नावे आजही त्या रचनेची साक्ष देतात.

विलीनीकरणाचे टप्पे

१९४७ नंतर या सीमेचा जाच वाढला. १९४१ चा सीमाशुल्क करार १९४९ मध्ये संपुष्टात आल्यानंतर फ्रेंच वसाहतींच्या हद्दीवर तपासणी कडक झाली. शेत एका बाजूस आणि बाजारपेठ दुसऱ्या बाजूस, अशी ज्यांची स्थिती होती त्या कुटुंबांना याची झळ अधिक लागली.

सीमा पुसण्याच्या कामी कम्यूनांनीच पुढाकार घेतला, ही बाब महत्त्वाची आहे. मार्च १९५४ मध्ये पुदुच्चेरी परिसरातील कम्यूनांच्या महापौरांनी भारतात विलीन होण्याचा ठराव केला. १८ ऑक्टोबर १९५४ रोजी किळूर येथे पुदुच्चेरी व कारैकालच्या १७८ निर्वाचित प्रतिनिधींनी मतदान केले. त्यांपैकी १७० जणांनी विलीनीकरणाच्या बाजूने, तर ८ जणांनी विरोधात मत दिले. या मतदारांत नगरमंडळांचे सदस्यही होते. १ नोव्हेंबर १९५४ रोजी प्रत्यक्ष सत्तांतर झाले. २८ मे १९५६ रोजी तहावर स्वाक्षऱ्या झाल्या आणि १६ ऑगस्ट १९६२ रोजी हस्तांतर कायदेशीर दृष्ट्या पूर्ण झाले. त्याच वर्षी चौदावी घटनादुरुस्ती करण्यात आली व १ जुलै १९६३ पासून विधानसभा असलेला केंद्रशासित प्रदेश अस्तित्वात आला.

येथे एक प्रश्न उद्भवतो. चंद्रनगर १९५४ मध्ये पश्चिम बंगालमध्ये समाविष्ट झाले. मग कारैकाल तंजावर जिल्ह्याला का जोडले गेले नाही? याचे उत्तर १९५६ च्या तहात आहे. १ नोव्हेंबर १९५४ पूर्वीची विशेष प्रशासकीय व्यवस्था कायम राहील आणि तीत घटनात्मक बदल करावयाचा झाल्यास लोकांची इच्छा अजमावून तो केला जाईल, अशी तरतूद या तहात होती. त्यामुळे आंतरराष्ट्रीय सीमा गेली, पण तिच्या जागी राज्य आणि केंद्रशासित प्रदेश यांची सीमा आली.

जर्मनीतील समांतर अनुभव

अशाच प्रक्रियेचे दुसरे रूप जर्मनीत दिसते. पूर्व व पश्चिम जर्मनीमधील सुमारे १,४०० किलोमीटर लांबीची सीमा ग्रामीण मुलखातून जात होती. म्योडलारॉइट या छोट्या गावातून वाहणारा ओढा हीच तेथील हद्द होती. १९६६ मध्ये पूर्व जर्मनीने तेथे भिंत उभारली. ती १९९० मध्ये पाडण्यात आली. आजही या गावाचा एक भाग बव्हेरिया राज्यातील ट्योपेन या ग्रामीण नगरपालिकेत आणि दुसरा भाग थुरिंजिया राज्यातील गेफेल या नगरात मोडतो. म्हणजे तेथेही राष्ट्रांची सीमा जाऊन घटक राज्यांची सीमा उरली.

तथापि, तेथील दोन गोष्टी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे, सीमेमुळे बाजारपेठ तुटलेल्या गावांना पश्चिम जर्मनीने मागास क्षेत्र मानले आणि १९७१ च्या कायद्याने सीमेलगतच्या सुमारे ४० किलोमीटर पट्ट्याला गुंतवणूक व सार्वजनिक सोयींसाठी विशेष साहाय्य दिले. दुसरी म्हणजे, एकीकरण ३ ऑक्टोबर १९९० रोजी झाले. पण त्याच्या पाच महिने आधी, ६ मे १९९० रोजी, पूर्व जर्मनीत स्थानिक संस्थांच्या मुक्त निवडणुका झाल्या. एकीकरणाचे लाभ-तोटे गावापर्यंत पोहोचले, तेव्हा गावाच्या वतीने बोलणारे निर्वाचित मंडळ तेथे होते. जर्मन राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदाने नगरपालिकांना स्वशासनाची हमीही दिलेली आहे.

पाण्याचा वाटा

कारैकालमधील गावांना निर्वाचित मंडळाची गरज का आहे, हे पाण्याच्या प्रश्नावरून सर्वांत स्पष्ट होते. कल्लणै बंधाऱ्याच्या खाली कावेरीला असंख्य फाटे फुटतात. त्यांपैकी अरसलार ही नदी कारैकालपाशी समुद्राला मिळते. नंदलार, नट्टार, वांजियार, नूलार, तिरुमलैराजनार यांसारखे प्रवाहही या प्रदेशाशी निगडित आहेत. १९३४ मध्ये पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणातून प्रथेनुसार १२ जून रोजी पाणी सोडले जाते. त्यावर कुरुवै हे अल्प मुदतीचे आणि पुढे सांबा हे दीर्घ मुदतीचे भातपीक घेतले जाते. धरणातील साठा कमी असला की पाणी उशिरा सुटते आणि त्याचा पहिला फटका कालव्याच्या शेवटच्या टोकाला बसतो. कारैकालची गावे नेमकी याच टोकाला आहेत. समुद्र जवळ असल्याने खारेपणाचा धोकाही त्यांना अधिक असतो.

या स्थानामुळेच पुदुच्चेरी कावेरी विवादात पक्षकार ठरले. जून १९९० मध्ये स्थापन झालेल्या लवादाने १९९१ च्या अंतरिम आदेशात कारैकालसाठी ६ टीएमसी पाणी राखून ठेवले. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. ५ फेब्रुवारी २००७ च्या अंतिम निवाड्याने ७४० टीएमसीचे वाटप केले. त्यात तमिळनाडूला ४१९, कर्नाटकाला २७०, केरळला ३० आणि पुदुच्चेरीला ७ टीएमसी मिळाले. उर्वरित १४ टीएमसी पर्यावरणासाठी आणि समुद्राकडे अपरिहार्यपणे वाहून जाणारे म्हणून धरण्यात आले. १६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाचा वाटा २८४.७५ आणि तमिळनाडूचा ४०४.२५ टीएमसी केला. पुदुच्चेरीचे ७ टीएमसी कायम राहिले. त्यानंतर स्थापन झालेल्या कावेरी जल व्यवस्थापन प्राधिकरणात पुदुच्चेरीलाही प्रतिनिधित्व मिळाले.

कागदावरील हा वाटा शेतात पोहोचण्यासाठी मात्र तो तमिळनाडूच्या कालव्यांतून यावा लागतो. गाळ काढणे, बांध दुरुस्त करणे, दारे वेळेवर उघडणे ही कामे सीमेच्या अलीकडे एक शासन आणि पलीकडे दुसरे शासन करते. तमिळनाडूने २०१७ मध्ये कुडिमरामत्तु ही शेतकऱ्यांच्या सहभागातून जलसाठ्यांची दुरुस्ती करण्याची जुनी प्रथा योजनेच्या रूपाने पुन्हा सुरू केली. तिची व्याप्ती राज्याच्या हद्दीपर्यंतच. २०२० मध्ये त्या राज्याने त्रिभुज प्रदेशाच्या शेतीसाठी संरक्षित कृषी क्षेत्राचा कायदा केला. तोही कारैकालच्या वेशीवर थांबतो, कारण एका राज्याचा कायदा केंद्रशासित प्रदेशाला लागू होत नाही. नदीचे खोरे एक आहे. धोरणे दोन आहेत.

कररचनेतील दरी

सीमेचा आणखी एक परिणाम किमतींमध्ये दिसतो. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्याने बहुतेक वस्तूंवरील कराचा दर दोन्ही बाजूंना सारखा झाला. मानवी सेवनासाठीचे मद्य मात्र या कराबाहेर राहिले आणि पेट्रोल-डिझेलवरही जुनी करपद्धती चालू राहिली. त्यामुळे या वस्तूंच्या किमतीत सीमेवर फरक पडतो, खरेदीसाठी ग्राहक सीमा ओलांडतात आणि चोरटी वाहतूक रोखण्याचा खर्च शेजारी राज्यावर पडतो. लहान प्रदेशाला कमी दराने मोठा महसूल मिळतो. सामाजिक खर्च मात्र दोन्ही बाजूंच्या गावांना सोसावा लागतो.

एक खोरे, दोन पंचायत व्यवस्था

त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अनुच्छेद २४३ठ अन्वये केंद्रशासित प्रदेशांनाही लागू होते. मात्र राष्ट्रपती काही अपवाद व फेरबदल करू शकतात. अनुच्छेद २४३ङ नुसार पंचायतीची मुदत पाच वर्षांची असून मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेणे आवश्यक आहे. अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत शेती, जमीन सुधारणा, लघुसिंचन आणि जल व्यवस्थापन यांचा समावेश होतो.

तमिळनाडूने १९९४ चा पंचायत कायदा केल्यावर १९९६, २००१, २००६ आणि २०११ मध्ये नियमित निवडणुका घेतल्या. २०१६ च्या निवडणुका लांबल्या आणि डिसेंबर २०१९ मध्ये पार पडल्या. पुदुच्चेरीत १९७३ च्या कायद्याने ग्रामपंचायत व कम्यून पंचायत अशी द्विस्तरीय रचना आली. परंतु १९६८ नंतर स्थानिक निवडणुका झाल्या त्या थेट २००६ मध्ये, म्हणजे ३८ वर्षांनी. तेव्हा १० कम्यून पंचायती आणि ९८ ग्रामपंचायतींमध्ये निर्वाचित प्रतिनिधी आले. त्यांची मुदत २०११ मध्ये संपल्यावर कारभार पुन्हा अधिकाऱ्यांकडे गेला. २०२१ मध्ये निवडणुकीची तयारी झाली. तथापि आरक्षणाच्या वादामुळे ती पार पडली नाही.

येथील विसंगती उघड आहे. ज्या प्रदेशात कम्यूनच्या निर्वाचित सदस्यांनी मत देऊन परकीय सत्ता संपविली, त्याच प्रदेशात विलीनीकरणानंतर कम्यून दीर्घकाळ निर्वाचित सदस्यांविना राहिल्या. जर्मनीत एकीकरणापूर्वी स्थानिक संस्था नव्याने उभ्या राहिल्या; येथे आधीच असलेल्या संस्था विलीनीकरणानंतर क्षीण झाल्या. अधिकारी कार्यक्षम असू शकतो, पण त्याची बदली होते आणि तो मतदाराला उत्तरदायी नसतो. कालव्याचा गाळ निघाला नाही, तर टोकाच्या शेतकऱ्याने जाब कोणाला विचारावा, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. शिवाय वित्त आयोगाची स्थानिक संस्थांसाठीची अनुदाने राज्यांसाठी असतात; केंद्रशासित प्रदेशांचा त्यात समावेश होत नाही.

निष्कर्ष

कारैकालच्या उदाहरणावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, सीमा नष्ट झाल्याने ये-जा मुक्त होते. विकासाची समान संधी आपोआप मिळत नाही. दोन, पाणी, खारेपणा आणि पूर हद्द पाळत नाहीत. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीने नागपट्टिनम आणि कारैकालचे किनारे सारखेच उद्ध्वस्त केले होते. म्हणून खोऱ्याच्या पातळीवर शेजारच्या पंचायतींनी एकत्र नियोजन करण्याची व्यवस्था हवी. तीन, असे नियोजन करण्यासाठी दोन्ही बाजूंना निर्वाचित, साधनसंपन्न आणि उत्तरदायी ग्रामसंस्था असणे ही पूर्वअट आहे. लवादाने मंजूर केलेले ७ टीएमसी पाणी हा प्रदेशाचा हक्क आहे. ते अखेरच्या शेतापर्यंत नेणे हे स्थानिक स्वराज्याचे काम आहे.

सरावासाठी प्रश्न

१. चंद्रनगर आणि कारैकाल यांच्या विलीनोत्तर स्थितीतील फरकाची कारणे स्पष्ट करा.
२. कावेरी जलविवादात पुदुच्चेरी पक्षकार का आहे? २००७ चा निवाडा आणि २०१८ चा निकाल यांची तुलना करा.
३. केंद्रशासित प्रदेशांतील पंचायत राज व्यवस्थेसमोरील अडचणींची पुदुच्चेरीच्या संदर्भात चर्चा करा.
४. 'नदीचे खोरे हे नियोजनाचे नैसर्गिक एकक आहे, प्रशासनाचे नव्हे.' या विधानाचे परीक्षण करा.