दानाचा काल आणि शेतीचा वाफसा

मंदिराच्या सभासद कुटुंबांच्या विचारार्थ हा अभ्यासलेख आम्ही सादर करीत आहोत. विषय दानधर्माचा आहे. परंतु दान करावे की न करावे, हा येथे प्रश्नच नाही. ते करावे, हे आपल्या घरांतील लहान मुलांसही ठाऊक असते. प्रश्न असा आहे की, नदीकाठच्या शेतकऱ्यावर पुराचे संकट कोसळले असता देवळाच्या मार्फत जमविलेला पैसा केव्हा, कोणाला आणि कोणत्या रूपाने द्यावा, म्हणजे तो खऱ्या अर्थाने दान ठरेल?

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, कर्तव्य म्हणून, योग्य स्थळी, योग्य वेळी व योग्य व्यक्तीस दिलेले ते सात्त्विक. फळावर दृष्टी ठेवून अथवा जिवावर येऊन दिलेले ते राजस. आणि स्थळकाळ न पाहता, अनादराने दिलेले ते तामस, असा त्याचा भावार्थ आहे. म्हणजे देश, काल आणि पात्र या दानाच्या तीन कसोट्या झाल्या. काल म्हटला की ग्रहण, संक्रांत, पर्वणी आपल्या डोळ्यांपुढे येतात. तो अर्थ खोटा नाही. तथापि पुराच्या प्रसंगी तेवढा पुरत नाही. ज्याला द्यावयाचे त्याची गरज ज्या वेळी खरी असते, तोच दानाचा काल, असा अर्थ तेथे घ्यावा लागतो.

आपल्या भाग्यनगरास या गोष्टीचा अनुभव आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मूसी नदीला आलेल्या महापुरात सुमारे १५ हजार माणसे दगावल्याचे सांगितले जाते. अफजलगंजच्या इस्पितळाजवळील एका चिंचेच्या झाडाचा आश्रय घेऊन दीडशेच्या आसपास माणसे वाचली, ही हकीकत शहरातील जुनी माणसे अजून सांगतात. त्या वेळी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी निराश्रितांना राजवाड्यांचे दरवाजे उघडून दिले. परंतु काम तेवढ्यावर थांबले नाही. १९०९ मध्ये विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले. त्यांच्या योजनेनुसार मूसीवरील उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसा नदीवरील हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला. भुकेल्यास अन्न त्याच आठवड्यात लागले. संकटाचा खरा उपाय मात्र पुरा होण्यास एकोणीस वर्षे लागली. ही दोन्ही कामे सारखीच आवश्यक होती. पण दोहोंचा काल एक नव्हता.

आता अलीकडील संकटाकडे वळू. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात व सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. मांजरा, सीना, सिंदफणा, गोदावरी या नद्यांनी काठ सोडले. २२ सप्टेंबर रोजी आपण घराघरांत घटस्थापना केली, पत्रावळीवर काळी माती पसरून तीत धान्य पेरले. आणि त्याच सुमारास धाराशिव जिल्ह्यातील भूम, परंडा या तालुक्यांत शेतकऱ्याची माती पाण्याबरोबर वाहून जात होती. आठवडा संपण्यापूर्वी मूसीचे पाणी आपल्या येथील महात्मा गांधी बसस्थानकात शिरले. शहरातील चिखल काही दिवसांत धुऊन निघाला. शेतातील चिखलाचे तसे नसते.

यासाठी शेतकऱ्याचे नुकसान नेमके काय होते, ते समजून घेतले पाहिजे. सप्टेंबरच्या अखेरीस सोयाबीन काढणीस आलेले असते. बी, खत, फवारणी, मजुरी हा सर्व खर्च तोपर्यंत होऊन चुकलेला असतो, आणि तो बहुधा कर्ज काढून केलेला असतो. त्या पिकाच्या पैशातून कर्जाचा हप्ता, दिवाळी, मुलांचे शिक्षण आणि रब्बीचे बियाणे अशा चार गोष्टी भागवावयाच्या असतात. म्हणून एक पीक बुडाले म्हणजे चार वाटा एकदम बंद होतात. गोठ्यातील जनावर वाहून गेले तर रोजचे दूधही बंद होते. विहीर गाळाने भरली तर पुढच्या उन्हाळ्याची सोय गेली. आणि माती खरडून खाली मुरूम उघडा पडला, तर पिढ्यांची मिळकतच गेली असे समजावे. कारण काळ्या मातीचा थर एका पावसाळ्यात पुन्हा तयार होत नाही.

महाराष्ट्र शासनाने ७ ऑक्टोबर २०२५ रोजी ३१ हजार ६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. तीत खरडून गेलेल्या जमिनीस हेक्टरी ४७ हजार रुपये रोख व रोजगार हमी योजनेतून ३ लाख रुपयांपर्यंतची कामे, दुभत्या जनावरामागे ३७ हजार ५०० रुपये, गाळाने भरलेल्या विहिरीस ३० हजार रुपये आणि रब्बीच्या बियाण्यादी खर्चासाठी हेक्टरी १० हजार रुपये, अशी तरतूद होती. देवस्थानेही मागे राहिली नाहीत. मुंबईच्या श्रीसिद्धिविनायक मंदिर न्यासाने १० कोटी रुपये आणि तुळजापूरच्या श्रीतुळजाभवानी मंदिर संस्थानाने १ कोटी रुपये जाहीर केले. तुळजापूर हे स्वतः पूरग्रस्त धाराशिव जिल्ह्यातच आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

मग आपल्यासारख्या लहान संस्थेच्या काही हजारांना अथवा लाखांना येथे स्थान ते काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, मोठ्या निधीस जे साधत नाही, ते साधण्यासाठीच लहान निधी असावा.

पहिले म्हणजे पात्र. शासनाची मदत सातबाऱ्यावरील नावाने आणि पंचनाम्याच्या आधाराने जाते. सरकारी पैशाचा हिशेब राखावयाचा तर दुसरा मार्गही नाही. परंतु दुसऱ्याची जमीन वाट्याने करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. काढणीच्या मजुरीवर वर्ष काढणाऱ्या भूमिहीनाचे तर कोठेच नसते. पतीच्या पश्चात जमीन कसणाऱ्या, पण अद्याप नावाची नोंद न झालेल्या विधवेचेही तसेच. पीक या सर्वांचे बुडाले. कागद मात्र एकापाशीही नाही. गावातील शिक्षक, अंगणवाडी सेविका, देवळाचे पुजारी आणि दोनचार जाणती माणसे यांना ही घरे ठाऊक असतात. त्यांना एकत्र बसवून यादी करावी, ती चावडीवर वाचून दाखवावी आणि कोणाची हरकत असल्यास ऐकून घ्यावी. पात्राची परीक्षा ती हीच.

दुसरे म्हणजे काल. शेतकऱ्यांचा वाफसा हा शब्द आपण शहरवासीयांनी शिकण्यासारखा आहे. पाऊस थांबल्यावर शेतकरी लगेच पेरीत नाही. पाय रुतेल एवढी ओल असता पेरले, तर बी कुजते. ओल उडून गेल्यावर पेरले, तर ते उगवत नाही. या दोहोंमधील, माती हाती घेतली असता मोकळी होते परंतु कोरडी नसते, अशी जी स्थिती, तिला वाफसा म्हणतात. दानालाही असाच वाफसा असतो. पुराच्या पहिल्या आठवड्यात बिस्किटांचे पुडे, जुनेरे आणि पाण्याच्या बाटल्या यांचे ढीग पडतात. गाड्या एकाच रस्त्यावरच्या गावी पुनःपुन्हा जातात आणि आडगाव उपाशी राहते. पुढे वर्तमानपत्रांतून बातमी नाहीशी होते. नेमके त्याच वेळी रानात वाफसा येतो आणि पेरावयास घरात बी नसते. ज्या दिवशी शेतकऱ्याचा हात रिकामा असतो, त्या दिवशी देणाऱ्याचे लक्ष दुसरीकडे गेलेले असते.

यास्तव आमची सूचना अशी की, पूरनिधीचा रुपया जुन्या हिशेबाने सोळा आण्यांचा मानावा आणि त्याचे तीन भाग करावेत. चार आणे ताबडतोब अन्न, औषध, अंथरूण-पांघरूण व जनावरांचा चारा यांवर खर्चावेत. सात आणे रब्बीच्या पेरणीसाठी राखावेत. एक एकर हरभऱ्यास साधारणतः २५ ते ३० किलो बियाणे लागते, तर एक एकर ज्वारीस ४ किलोच्या आसपास. म्हणजे एका सभासद कुटुंबाने एका एकराचे बियाणे आपल्याकडे घेणे, ही काही न झेपणारी गोष्ट नव्हे. उरलेले पाच आणे उन्हाळ्यासाठी व मृगासाठी ठेवावेत. तलाव आटले म्हणजे त्यांतील गाळ काढून उघड्या पडलेल्या जमिनीवर पसरता येतो, विहिरी उपसता येतात. आणि मृगाच्या तोंडी खरिपाची तयारी करावी लागते, तेव्हा सावकाराच्या दारी जाण्याची पाळी टळते.

तिसरे म्हणजे देश. परमुलखातील पुराशी आपला संबंध काय, असे हैदराबादच्या मराठी माणसास तरी विचारता येणार नाही. १९५६ सालच्या ऑक्टोबरअखेरपर्यंत मराठवाडा व हे शहर एकाच राज्यात होते. आपल्यापैकी कित्येकांची मूळ गावे तिकडचीच आहेत. पण त्याहूनही निकटचे नाते पाण्याचे आहे. मांजरा बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, लातूर-बिदरकडून तेलंगणात येते आणि सिंगूर जलाशयात अडविली जाते. त्या जलाशयाचे पाणी या शहराच्या नळांना येते. देवाच्या अभिषेकाचा कलश आपण ज्या पाण्याने भरतो, त्यात त्या रानांवरून वाहून आलेले पाणी असते. याहून निराळे योग्य स्थळ ते कोणते शोधावयाचे?

यावर एक आक्षेप येतो, आणि तो आदराने ऐकण्यासारखा आहे. काही वडीलधारी मंडळी म्हणतात, देवास वाहिलेला पैसा देवकार्यासच लागला पाहिजे. यातील सत्य असे की, ज्याने शिखराच्या दुरुस्तीसाठी अथवा नंदादीपासाठी पैसा दिला, त्याचा पैसा त्याच कामी लागला पाहिजे. तो दुसरीकडे वळविणे हा विश्वासभंग होय. म्हणून पूरनिधीचे आवाहन स्वतंत्र असावे, पावतीपुस्तक स्वतंत्र असावे आणि उत्सवखर्चात काटकसर करावयाची तर ती सर्वसाधारण सभेच्या संमतीनेच करावी. परंतु पूरग्रस्तांस देणे हे देवकार्य नव्हे, असे मात्र म्हणता येणार नाही. आपल्या शास्त्रांनी इष्ट आणि पूर्त अशी जोडी सांगितली आहे. यज्ञयाग हे इष्ट. विहिरी, तळी, बागा, अन्नदान हे पूर्त. पुरात बुजलेली विहीर उपसून देणे हे पूर्त नव्हे काय?

हिशेबाच्या बाबतीत दामाजीपंतांची कथा पुन्हा वाचावी. मंगळवेढ्यास बिदरच्या बादशहाचे धान्य ज्यांच्या ताब्यात होते, त्या दामाजींनी दुष्काळात कोठारे लोकांस खुली केली. पुढे विठू महाराच्या रूपाने विठ्ठलाने दरबारात त्या धान्याची रक्कम भरली, अशी श्रद्धा आहे. कीर्तनात आपण कोठारे उघडल्याचे ऐकून सद्गदित होतो. पण त्याच कथेत विठ्ठलाने रक्कम भरल्याची रसीद घेतली, हेही सांगितलेले आहे. प्रत्यक्ष देवानेही पावतीवाचून व्यवहार केला नाही. मग आपण करावा काय? काही व्यावहारिक नियमही ध्यानात असू द्यावेत. २ हजार रुपयांहून अधिक रोख देणगीवर, तसेच वस्तुरूपाने दिलेल्या देणगीवर आयकरात सवलत मिळत नाही. परदेशाचे नागरिकत्व घेतलेल्या आप्तांचा पैसा विदेशी देणगी ठरतो आणि केंद्र शासनाकडील नोंदणीवाचून संस्थेस तो घेता येत नाही. अशा देणगीपूर्वी हिशेबतपासनिसांचा सल्ला घ्यावा.

शेवटी आदराविषयी. आम्ही पुजाऱ्याच्या घरी वाढलो. अशा घरात येणारा शिधा हा दान म्हणूनच येतो. त्यामुळे देणाऱ्याचा हात वरून येतो की बरोबरीने पुढे होतो, हे अशा घरातील मुलास लवकर कळते. तांदूळ तोच असतो, पण एक ताट गोड लागते आणि दुसरे घशाखाली उतरत नाही. तो शिधा कोणा शेतकऱ्यानेच पिकविलेला असतो, हेही आम्ही विसरू शकत नाही. म्हणून पूरग्रस्तास रांगेत उभे करून त्याची छायाचित्रे काढू नयेत, त्याचे नाव फलकावर लावू नये, आणि त्याला काय हवे ते आधी विचारावे. अनादराने दिलेले दान तामस होय, हा गीतेचा निवाडा अशा वेळी देणाऱ्यालाच लागू पडतो.

घरी सायंकाळच्या प्रार्थनेनंतर पुढील प्रश्नांवर सर्वांनी मिळून विचार करावा :

१. गेल्या वर्षी आपल्या घरातून जे दान दिले गेले, ते कोणत्या वेळी पोहोचले? ती वेळ आपल्या सोयीची होती की घेणाऱ्याच्या गरजेची?

२. आपल्या मूळ गावी सातबाऱ्यावर नाव नसलेले, परंतु शेतीवरच जगणारे कोणते घर आपल्याला ठाऊक आहे?

३. पूर ओसरून सहा महिने झाल्यावरही देता यावे, म्हणून दरमहा किती रक्कम बाजूस ठेवणे आपल्याला शक्य आहे?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक कुटुंबाने कागदावर लिहून येत्या सर्वसाधारण सभेस आणावे, अशी आमची नम्र विनंती आहे. रक्कम लहान असली तरी संकोच करू नये. रानात वाफसा येईल त्या दिवशी ती हाताशी असली, म्हणजे पुरे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥