शाळेत दुखावलेल्या मुलाला धीर कसा द्यावा?



काल हसत शाळेत गेलेले मूल आज पोट दुखते म्हणून दप्तराला हात लावत नाही. अशा वेळी त्याला आळशी म्हणू नका. मार, वर्गासमोरचा अपमान, जातीवरून झालेली थट्टा यांचे घाव मुले बोलून दाखवीत नाहीत. वर्सोव्याच्या वस्तीत आईबाप दोघेही दिवसभर कामावर असतात. त्यामुळे मुलाचा उतरलेला चेहरा कित्येकदा नजरेतून सुटतो.

चुळपन्थक भिक्खूची कथा आठवा. चार महिने झाले तरी त्याला एक गाथा पाठ होईना. त्याच्या थोरल्या भावानेच त्याला विहारातून जायला सांगितले. तो दाराशी खिन्न उभा असता भगवान बुद्ध स्वतः त्याच्याजवळ गेले. त्यांनी त्याच्या मस्तकावरून हात फिरवला, हात धरून आत आणले आणि एक स्वच्छ वस्त्र चोळीत बसण्याचे सोपे काम दिले. वस्त्र मळत गेले. त्यातून अनित्यता उमगून तो अर्हत झाला. बुद्धांनी त्याला ‘मंद’ म्हटले नाही. आधी जवळ घेतले, मग जमेल तेवढेच काम दिले. पालकांनी हाच क्रम ठेवावा.

आता आपल्या बाबासाहेबांकडे पाहा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी ते साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. तेथे घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. नळ उघडायला शिपाई नसला तर तहानलेलेच राहावे लागे. हा दोष बालक भीमाचा नव्हता, समाजाचा होता. पुढे परळच्या चाळीतील एका खोलीत वडील रामजी सुभेदार त्यांना पहाटे दोन वाजता अभ्यासाला उठवीत. पैशांची ओढ असतानाही त्यांनी मुलाची पुस्तके थांबविली नाहीत. घर पाठीशी उभे राहिले, म्हणून १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले.

तेव्हा तुम्ही काय कराल?

१. संध्याकाळी वंदनेनंतर मुलाला जवळ घ्या. उलटतपासणी न करता सगळे ऐका.

२. “यात तुझी चूक नाही,” हे स्पष्ट शब्दांत सांगा. ‘तूच काही केले असशील’ हे वाक्य दुसरा घाव ठरते.

३. काही दिवस थोडाच अभ्यास द्या. जमला की शाबासकी द्या. झोप, खेळ, जेवण वेळेवर ठेवा.

४. दिवस आणि प्रसंग लिहून मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या व पोच घ्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोन्हींना बंदी केली आहे. अडचणीत १०९८ हा बालकांसाठीचा मोफत दूरध्वनी आहे.

५. भीती आठवडे उलटूनही जात नसेल, मूल झोपेत दचकत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. यात लाज नाही.

सिगालोवाद सुत्तात शिष्याचे सर्व दिशांनी रक्षण करणे हे गुरूचे कर्तव्य सांगितले आहे. गुरू ते विसरला, तर त्याची आठवण करून देणे हे तुमचे काम आहे. मात्र शाळा सोडवू नका. मुलाचा हात धरून शाळेच्या दारापर्यंत जा.

मनन : या आठवड्यात तुम्ही आपल्या मुलाचे बोलणे मध्येच न तोडता किती वेळा ऐकले?