प्रोस्टेटचे उपचार चालू असताना व्यायाम

प्रोस्टेटच्या कॅन्सरवर हार्मोनची इंजेक्शने घेणारा किंवा वृषण काढलेला माणूस घरात असला की तो म्हणतो, अंगात जीवच राहिला नाही. घरचे म्हणतात, पडून राहा. आम्हाला हा सल्ला चुकीचा वाटतो. या उपचाराने पुरुषी हार्मोन घटते, स्नायू झिजतात, हाडे ठिसूळ होतात, पोट सुटते. पडून राहिल्याने हे वाढतेच.

ऑस्ट्रेलिया, इंग्लंडमध्ये अशा रुग्णांकडून तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वजने उचलण्याचा व्यायाम करून घेतला. थकवा कमी झाला, ताकद वाढली. शिकवणारा जवळ असल्याने भीती गेली, असे त्या पुरुषांनी सांगितले. शिवाय त्याच आजाराच्या चारचौघांत लघवी कपड्यात होते, पूर्वीसारखे पुरुषपण राहिले नाही, हेही बोलता आले. आपल्याकडे हे बायकोलाही सांगत नाहीत!

सटाण्याहून नाशिक सुमारे ९० किलोमीटर. मजुरी बुडवून रोज कोण जाणार? म्हणून तपासणीच्या दिवशीच फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या, मुलालाही दाखवा. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, पाण्याच्या बाटल्या उचलणे घरी जमते. मात्र कॅन्सर हाडांत पसरला आहे का, हे डॉक्टरांना आधी विचारा. पसरला असेल तर मनाने वजन उचलू नका. पाठ अचानक दुखू लागली, पायातले बळ गेले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच फायदे सांगितले आहेत. आजार कमी होणे, अन्न पचणे हे त्यातलेच. संध्याकाळी वंदनेनंतर दोघातिघांनी विहाराभोवती फेऱ्या माराव्यात. चालताना बोलणे आपोआप निघते.