थुंकणाऱ्याकडे रुमाल मागणारा माणूस
(युवक मंडळ व लहान ख्रिस्ती समूहांसाठी अभ्यासपाठ)

वाचन: लूक ९:५१-५६, लूक १०:२५-३७, योहान १८:१९-२४. हे तिन्ही उतारे पाठ सुरू करण्यापूर्वी कोणीतरी मोठ्याने वाचावेत. घाई करू नये.



वंशभेद म्हटले की आपल्याला अमेरिका आठवते, दक्षिण आफ्रिका आठवते. देवगाव रंगारीच्या बाजारात त्याचे काय काम, असे वाटते. पण आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा गावकुसाबाहेर राहिले. विहिरीवर त्यांना वरून पाणी वाढले गेले, हॉटेलात त्यांचा कप वेगळा टांगलेला असे. हे ज्यांनी सोसले त्यांना मिसिसिपीतला किंवा टेनेसीतला काळा माणूस समजावून सांगावा लागत नाही. रंगावरून असो की जन्मावरून, अपमानाची चव सारखीच असते.

आजच्या पाठात आपण एका युवक चळवळीची माहिती घेणार आहोत. तिने अशा अपमानाला उत्तर दिले, आणि ते उत्तर ना गप्प बसण्याचे होते ना दगड उचलण्याचे. त्या चळवळीचा एक धागा आपल्या महाराष्ट्रातून, नागपुरातून जातो. ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

जेम्स लॉसन यांचा जन्म १९२८ सालचा, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातला. वडील मेथॉडिस्ट पाळक होते, तरी स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगत. आई मात्र हात उगारण्याच्या पूर्ण विरुद्ध. म्हणजे घरातच दोन मते होती. लहानपणी एकदा रस्त्यात एका गोऱ्या मुलाने त्याला त्याच्या रंगावरून घाणेरडी शिवी दिली. जेम्सने त्याच्या थोबाडीत मारली व घरी येऊन आईला ते सांगितले. आई स्वयंपाकघरात काम करीत होती. तिने मागे वळूनही न पाहता एवढेच विचारले, की त्याने काय साधले? यापेक्षा चांगला मार्ग असलाच पाहिजे, असे ती म्हणाली. तो मार्ग शोधण्यात त्या मुलाचे पुढचे सारे आयुष्य गेले.

कोरियाच्या युद्धकाळात सैन्यभरतीला नकार दिल्याबद्दल त्यांनी तुरुंगवास भोगला. सुटल्यावर १९५३ साली मिशनरी म्हणून ते नागपूरला आले आणि हिस्लॉप कॉलेजात रुजू झाले. तेथे ते मुलांना खेळ शिकवीत आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करीत. गांधीजींना जाऊन तेव्हा पाचच वर्षे झाली होती. डिसेंबर १९५५ मध्ये नागपूरच्या एका वर्तमानपत्रात त्यांनी बातमी वाचली, की अमेरिकेत मॉन्टगोमेरी शहरातल्या काळ्या लोकांनी बसगाड्यांवर बहिष्कार टाकला असून मार्टिन ल्यूथर किंग नावाचा एक तरुण पाळक त्यांचे नेतृत्व करीत आहे. लॉसन आनंदाने उडी मारून ओरडले, असे सांगतात. १९५६ साली ते मायदेशी परतले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला त्याच नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. एकाच शहरातून, एकाच वर्षात, अन्यायाला दिलेली दोन उत्तरे निघाली. दोन्हींत शस्त्र नव्हते.

लॉसन आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हते. त्याने या पाठाला काही बाधा येत नाही. प्रभूनेही आपल्या गोष्टीतला नायक स्वतःच्या समाजाबाहेरचाच निवडला होता. त्याकडे पुढे येऊ.

फेब्रुवारी १९५७ मध्ये लॉसन व किंग यांची भेट झाली. किंग यांनी त्यांना सांगितले, दक्षिणेत या, आणि आताच या. लॉसन टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरी गेले. तेथे एका चर्चच्या तळघरात कॉलेजच्या मुलामुलींसाठी त्यांनी वर्ग सुरू केले. त्या काळी शहरातल्या मोठ्या दुकानांत काळ्या माणसाने कापड, वह्या, साबण घ्यावा, पैसे द्यावेत; पण त्याच दुकानातल्या खाण्याच्या टेबलाशी बसून कॉफी मागितली तर त्याला उठवले जाई. पैसा चालतो, माणूस चालत नाही. (आपल्याकडच्या जुन्या माणसांना यात नवीन काही वाटणार नाही.)

त्या तळघरात शिकवत काय होते, हे पाहण्यासारखे आहे. फक्त प्रार्थना आणि भाषणे नव्हती. मुले एकमेकांना शिव्या देत, केस ओढीत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडीत, खुर्चीवरून खाली पाडीत. ज्याच्यावर हे चाले त्याने हात उचलायचा नाही, पळायचे नाही आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचे. आठवड्यामागून आठवडे हा सराव चालला. करुणा ही मनाची लहर आहे, आली तर आली, असे आपण समजतो. त्या मुलांनी ती कबड्डीच्या सरावासारखी अंगी मुरवली. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत उपयोगी गोष्ट वाटते.

१३ फेब्रुवारी १९६० रोजी ही मुले चांगले कपडे घालून, हातात अभ्यासाची पुस्तके घेऊन दुकानांतल्या त्या टेबलांशी जाऊन बसली. २७ फेब्रुवारीला गोऱ्या टोळक्यांनी त्यांना मारले, त्यांच्या अंगावर जळत्या सिगारेटी विझवल्या. पोलीस आले आणि त्यांनी ८१ आंदोलकांना अटक केली, मारणाऱ्यांना नाही. दंड भरून सुटण्यापेक्षा मुलांनी तुरुंगात राहणे पसंत केले. लॉसन यांना विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. शहरातील काळ्या कुटुंबांनी त्या दुकानांतली खरेदीच बंद केली. तेव्हा मात्र दुकानदारांना जाग आली.

१९ एप्रिलला पहाटे मुलांचा खटला लढवणाऱ्या वकिलाच्या घरावर बॉम्ब पडला. त्याच दिवशी हजारो लोक मुकाट्याने महापौरांच्या कार्यालयाकडे चालत गेले. पायऱ्यांवर महापौरांपुढे उभी राहिली डायन नॅश नावाची एकवीस वर्षांची विद्यार्थिनी. ती कॅथलिक घरात वाढलेली होती. एकेकाळी धर्मभगिनी व्हावे असेही तिच्या मनात होते. तिने महापौरांना विचारले, केवळ रंगावरून माणसाला वेगळे वागवणे चूक आहे असे माणूस म्हणून तुम्हाला वाटत नाही काय? महापौर गोरे होते, त्यांना मते गोऱ्यांचीही हवी होती. तरी त्यांनी सर्वांसमोर कबूल केले, की ते योग्य नाही. १० मे १९६० रोजी सहा दुकानांनी आपली टेबले सर्वांना खुली केली. दरम्यान एप्रिलमध्येच दक्षिणेतल्या विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन अहिंसक विद्यार्थी समन्वय समिती ही संघटना स्थापन केली होती. तिचे ध्येयपत्रक लॉसन यांनी लिहिले आणि त्याचा पाया प्रेम हा ठेवला.

आता शीर्षकातली गोष्ट. नॅशव्हिलच्या रस्त्यावर एकदा गोऱ्या तरुणांनी आंदोलक मुलांना मारायला सुरुवात केली. लॉसन मध्ये गेले. काळे चामडी जाकीट घातलेला एक तरुण त्यांच्या तोंडावर थुंकला. लॉसन यांनी त्याला शांतपणे विचारले, तुझ्याजवळ रुमाल आहे का? तो इतका गोंधळला की त्याने खिशातून रुमाल काढून दिला. लॉसन यांनी तोंड पुसले, रुमाल परत केला आणि त्याच्याकडे मोटरसायकल आहे काय, अशी चौकशी सुरू केली. दोघे गाड्यांवर बोलू लागले. तेवढ्या वेळात खाली पडलेली मुले उठून पुन्हा चालू लागली होती.

काही जण म्हणतील, ही तर हुशारी झाली. होय, हुशारी आहेच. पण त्या क्षणी लॉसन यांना समोर फक्त थुंकणारा दिसला असता तर ती सुचली नसती. त्यांना एक तरुण पोरगा दिसला, ज्याला गाड्यांची आवड असणार.

आता शुभवर्तमानाकडे वळू. लूकच्या नवव्या अध्यायात शोमरोनी लोकांच्या एका गावाने प्रभू येशूला उतरायला जागा दिली नाही. कारण काय, तर तो यरुशलेमकडे निघाला होता. म्हणजे जमातीचाच भेद. याकोब व योहान तरुण होते, तापट होते. प्रभूनेच त्यांना गर्जनेचे पुत्र असे नाव दिले होते. आकाशातून अग्नी पाडून हे गाव भस्म करावे काय, असे त्यांनी विचारले. अपमान खरा होता, त्यांचा रागही खोटा नव्हता. प्रभूने त्यांना धमकावले आणि सर्व जण दुसऱ्या गावी गेले. आपण बहुधा इथेच वाचन थांबवतो. पण पान उलटा. दहाव्याच अध्यायात प्रभू एक गोष्ट सांगतो, आणि तिच्यात जखमी माणसाला उचलणारा कोण? शोमरोनी! ज्यांनी दार लावले त्यांच्यातलाच एक माणूस प्रभूने सर्वांपुढे नमुना म्हणून उभा केला. शास्त्र्याला शेवटी उत्तर देताना ‘शोमरोनी’ हा शब्दही तोंडातून काढवला नाही. दया करणारा, असे म्हणून त्याने वेळ निभावली. जखमीला पाहून शोमरोन्याला कळवळा आला असे आपण वाचतो. मूळ ग्रीक शब्द आतड्यांशी संबंधित आहे. आपणही म्हणतोच, आतडे तुटले.

मग प्रश्न येतो, कळवळा म्हणजे अन्याय मुकाट सोसणे काय? योहानचा अठरावा अध्याय याचे उत्तर देतो. प्रमुख याजकापुढे एका शिपायाने प्रभूला चपराक मारली. प्रभूने उलट हात उगारला नाही, पण तो गप्पही बसला नाही. माझे बोलणे चुकले असेल तर दाखव, नाहीतर मला का मारतोस, असे त्याने विचारले. डायन नॅशने महापौरांना विचारलेला प्रश्न याच जातीचा आहे.

ख्रिस्तसभेची शिकवणही स्पष्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली वंश, वर्ण, परिस्थिती वा धर्म यांवरून होणारा भेदभाव ख्रिस्ताच्या मनाविरुद्ध ठरवला. पोप फ्रान्सिस यांनी २०२० सालच्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या परिपत्रात वंशद्वेषाला विषाणूची उपमा दिली, जो नाहीसा झाल्यासारखा वाटतो पण लपून बसलेला असतो.

तो आपल्याकडेही लपतो आणि कधी उघडा येतो. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि आपल्या मराठवाड्यात गावोगावी दलित वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली. नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. त्या काळोखातही युवक क्रांती दलाची मुले, ज्यांत सवर्ण घरांतील कितीतरी होती, नामांतराच्या बाजूने उभी राहिली. राष्ट्र सेवा दलाचे पहिले दलप्रमुख एस. एम. जोशी म्हातारपणी नामांतराची बाजू मांडायला आले, तर त्यांच्या गळ्यात चपलांचा हार घातला गेला. त्यांनी भूमिका सोडली नाही आणि मराठवाड्यातल्या माणसांशी वैरही धरले नाही.

आजची मुले शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरला, पुण्याला जातात. तेथे मणिपूर, नागालँड, मिझोरमची मुले त्यांच्या शेजारी राहतात. त्यांतली पुष्कळशी ख्रिस्ती आहेत. त्यांच्या डोळ्यांवरून, नाकावरून त्यांना नावे ठेवली जातात. २०१४ च्या जानेवारीत अरुणाचलचा निडो तानिया हा विद्यार्थी दिल्लीत अशाच चेष्टेतून झालेल्या मारहाणीनंतर मरण पावला. ज्यांच्या आजोबांचा कप वेगळा होता, त्यांच्या नातवाने दुसऱ्याला ‘चिंकी’ म्हणावे, हे पाहिले की आतडे तुटते. आणि लग्न जुळवताना आपण ख्रिस्ती लोक मूळ जात विचारत नाही, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

लॉसन यांच्याविषयी शेवटची एक गोष्ट. १९६८ साली मेम्फिस शहरातील सुमारे १३०० सफाई कामगारांनी संप केला. त्यांच्या छातीवरच्या फलकांवर, मी माणूस आहे, एवढेच लिहिलेले असे. लॉसन तेव्हा त्याच शहरात पाळक होते. त्यांनी किंग यांना पाठिंब्यासाठी बोलावले आणि तेथेच ४ एप्रिलला किंग यांचा खून झाला. त्या खुनाबद्दल शिक्षा झालेला जेम्स अर्ल रे तुरुंगात असताना लॉसन त्याला भेटायला जात. १९७८ साली तुरुंगातच त्याचे लग्न झाले; ते लॉसन यांनी लावले. रे हाच खरा मारेकरी का, याविषयी त्यांना शंका होती हे खरे. पण आपल्या मित्राच्या खुनासाठी सारे जग ज्याच्याकडे बोट दाखवते, त्याच्या कोठडीत जाऊन बसणे किती जणांना जमेल? ९ जून २०२४ रोजी ते वयाच्या ९५ व्या वर्षी वारले.

युवक मंडळाच्या सभेसाठी: नॅशव्हिलच्या तळघरातला सराव आपण करून पाहावा. प्रसंग असा घ्या. वसतिगृहाच्या मेसमध्ये एका मुलाच्या शेजारून दोघे ताट उचलून उठतात, तिसरा त्याच्या आडनावावरून काहीतरी बोलतो. चार जणांनी भूमिका घ्याव्यात आणि पाचव्याने, जो नुसता पाहत बसला आहे, त्याने काय करायचे ते बाकीच्यांनी ठरवावे. दहा मिनिटांनी भूमिका बदला. ताट उचलून उठणाऱ्याला आतून काय वाटले, हेही विचारा. त्यालाही बोलू द्या. मोठ्यांच्या समूहात हाच प्रसंग लग्नाच्या बैठकीचा घेता येईल. अपमान करणाऱ्याची भूमिका घ्यायला कोणी तयार झाले नाही, तर चर्चा तिथूनच सुरू करावी.